पाठवणाऱ्याचं नाव

सांगलीच्या तार ऑफिसात तान्ह्याला खांद्यावर घेऊन रंगूबाई रांगेत उभी होती. पुढं तेलगिरणीचा आकाराम बाबूंशी भांडत होता.

“साताऱ्याच्या कारखान्याला तार केली, पट्टा ताबडतोब पाठवा म्हणून. तीन दिस गिरणी बंद हाय! मालक मला काढाय निघालाय.”

“तार पोचली.”

“मग पट्टा कुठाय?”

“मजकुरात गिरणीचं नाव घातलं होतं?”

“खाली लिवलं की, पाठवणाऱ्याच्या रकान्यात.”

“तो रकाना आमच्यासाठी. तारेतून जात नाही.”

“म्हंजी पट्टा कुणाला धाडायचा, त्यास्नी ठावंच न्हाई?”

“नाही. घ्या नवा फॉर्म.”

“माजंबी नाव घालू?”

“एक शब्द वाढेल.”

“मग ऱ्हाऊ द्या. पट्टा येईस्तवर मी तितं आसंन का, कुणास ठावं.”

रंगूबाईनं पलटणीतल्या धन्यासाठी लिहिलेला फॉर्म पुन्हा वाचला. ‘बाळाचा ताप उतरला’ याच्यापुढं तिनं हळूच ‘रंगू’ लिहिलं.