बुरशीची कात्री

बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी रांगेत उभी होते. पुढे गळ्यात टेप अडकवलेल्या एक शिंपीणबाई आणि त्यांची संशोधक मुलगी. दोघींची नजर मुलीच्या फोनवर.

"आलं का काही?"

"नाही गं आई. मैत्रीण लॅबमध्ये पोचली की फोटो पाठवेल."

"आणि आजही अळंबीला छत्री उगवली नसेल तर?"

"तर तीन वर्षं पाण्यात. मॅडम म्हणाल्यात, विषय बदल."

"पण तिला झालंय तरी काय?"

"मीच केलंय. प्रथिनं कापणारं एक विकर असतं तिच्यात, ते काढून टाकलं. जुनी प्रथिनं कापूनच ती नवी छत्री बांधते, असं माझं म्हणणं आहे."

"म्हणजे कात्रीच काढून घेतलीस! जुना कोट उसवल्याशिवाय जाकीट शिवणार कसं?"

"तेच तर! म्हणून एका बशीतलीला ते परत दिलंय. दुसरीतलीला नाही."

"दुसरीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"आई, तिलाही दिलं तर प्रयोग कसला!"

"सावत्रपणा नुसता."

फोन वाजला.

"उगवल्या! कात्रीवालीला चार छत्र्या! दुसरी बशी तुळतुळीत!"

"आण इकडे! अहो, बघा, आमच्या मुलीच्या! चार आहेत, चार!"

फोन रांगभर फिरून माझ्यापुढे आला.

"कशा आहेत हो?"

"अगदी आजीवर गेल्यात," मी म्हणाले.

"काहीतरीच!" शिंपीणबाई लाजल्या. मग हळूच म्हणाल्या, "चौघीही?"

"चौघीही."