बिनशिंगाचा नंदी

हासा, हासा! गुडघे सोलले माहे, कानाले हळद लावून बसलो, अन् तुम्ही हासून राह्यले... तुम्हाले सांगतो, माह्या भाच्याचा, रोशनचा, पहिला तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हंजे खाऊ-पैसे, मागाले निघतेत अन् पहिला नंदी द्याचा मामानं, हे तं तुम्हाले ठाऊकच आहे. म्हणून आमच्या मूल गावच्या बाजारात लच्छू सुताराकडून घेतला ना मस्त सागवानी नंदी! लाल झूल, पिवळे शिंगं, चाकं कशी गरगर! फोटो पाठवला बहिणीले, रंजीताले, आलापल्लीले.

लगेच फोन! "दादा, हा रंग कायचा आहे? तोंडात गेला तं?"

आता नंदी आहे बाई, पेढा आहे का? पण लेकराचा जीव! म्हटलं, लच्छूभाऊ, खरवड रंग. तो खरवडून राह्यला, मी फोटो पाठवून राह्यलो... "दादा, शिंगं टोकदार आहेत, डोळ्यात गेले तं?" काप शिंगं! "चाकाले खिळा दिसते, निघून तोंडात गेला तं?" काढ चाकं! "पाय किती बारीक, मोडून तोंडात गेला तं?" लच्छूनं करवत खाली ठेवली. म्हणे, "भाऊ, तुमच्या बहिणीचं नंदीशी काही वाकडं आहे का?" पण कापले बिचाऱ्यानं. कान गेले, शेपूट गेली, मुस्कट घासून घासून सपाट... तवा कुठी रंजीता म्हणे, "हां दादा, आता सेफ आहे!"

सकाळी थैलीत नंदी टाकला, एसटीत बसलो. जंगलाच्या नाक्यावर गार्ड चढला, थैली चाचपली. "हे काय आहे?"

"नंदी, साहेब."

त्यानं उलटा पाह्यला, सुलटा पाह्यला. "तोंड कुठी आहे याचं?"

आता काय सांगू भाऊ, तोंड कोणत्या बाजूनं होतं हे मलेच आठवेना!

"सागवानाचा ठोकळा आहे हा! लाकूड नेयाचा पास दाखवा."

"साहेब, आईच्यान, याले शिंगं होते!"

"मंग कापले काऊन?"

"तोंडात गेले तं?"

"कोणाच्या?"

सारी एसटी खो खो हासून राह्यली, कंडक्टर घंटी मारून राह्यला, अन् नंदी राह्यला नाक्यावर! खरं सांगतो, रडू आलं मले. लेकराचा पहिला पोळा अन् मामा हात हलवत जाते...

पोचलो तं गल्लीतले सारे पोट्टे नंदी सजवून तयार, अन् आमचा रोशन दारात उभा, हातात दोरी! नंदीले बांधाची! त्यानं माही रिकामी थैली पाह्यली अन् असे ओठ काढले, असे ओठ काढले... मी त्याले मनवाले खाली वाकलो, अन् तेच चुकलं! पोट्ट्यानं दोरी टाकली माह्याच गळ्यात! सोडवाले गेलो का भोकाड! रंजीतानं पाठीवर टॉवेलाची झूल टाकली, कपायाले कुंकू लावलं, अन् निघालो ना भाऊ, चार पायावर! दारोदारी! आशाबाई बोजारा देता देता म्हणे, "रंजीता, नंदी मोठा आहे वं, पण चाकं नाई लावले?"

शेवटच्या घरी म्हटलं, आता उठतो... तं पोट्टं चढलं पाठीवर अन् माहा कान पकडून थेट तोंडात! दात नवे, कच्चकन चावला! मी बोंबललो, "रंजीताऽऽ! धाव वं! कान गेला ना तोंडात!"

रंजीता दारातूनच हासून म्हणे, "जाऊ दे ना, दादा! तुले रंग थोडीच आहे!"