हवापालटाला माहेरी

...आणि वर शेजारीपाजारी मलाच सांगतात, ‘काका, खिडक्या लावून घ्या!’ अहो, लावल्या की! तुम्हाला सांगतो, दिवाळी सरली की आमच्या घराच्या ज्या खिडक्या मिटतात, त्या शिमग्यालाच उघडतात; पण उज्ज्वलाचा, म्हणजे आमच्या हिचा, खोकला कडीकोयंड्याला जुमानत नाही. मी आयुष्यभर लोकवाङ्मयाचा अभ्यास केला, गावोगाव हिंडून वाऱ्याची नावं टिपली, वाऱ्यावरच्या म्हणी जमवल्या... आणि उतारवयात प्रसंग काय यावा? नाशिकला वाराच नाही!

पावसाळ्यात बघा. इगतपुरीच्या घाटातून वारा येतो, आभाळ धुऊन पिळून वाळत घालतो. तेव्हा ही जिना चढते आणि चढता चढता माझ्याशी भांडते. दोन्ही एका श्वासात! उन्हाळ्यात धूळ असते, पण हलती. संध्याकाळचा वारा तिला पुढच्या गावी पोचवतो. हिवाळ्यात मात्र भोवतीचे डोंगर परातीच्या काठासारखे उभे, थंड हवा तळाशी बसलेली, वर उबदार हवेचं झाकण. आणि आत? कारखाने, ट्रक, नव्या इमारतींची सिमेंटची भुकटी, गल्लीतला जळता पालापाचोळा... सगळं मंद आचेवर शिजतंय, आणि त्यात आमची ही!

वरच्या मजल्यावरचा शेखर अंबडच्या कारखान्यात नोकरीला. म्हणतो, ‘काका, धूर आमच्या कंपनीचा नाही बरं का, शेजारच्या कंपनीचा!’ शेजारच्या कंपनीतला माणूस आमच्या समोर राहतो. तोही अक्षरशः हेच म्हणतो. आणि जाता जाता दोघंही धीर देतात, ‘वारा सुटला की जाईल!’

आमची डॉक्टर अदिबा, मुलीसारखी पोर. हिची छाती तपासली नि म्हणाली, ‘काकू, दम्याचा पंप चुकवायचा नाही. काका, जमलं तर यांना चार दिवस शहराबाहेर न्या. बाकी... वारा सुटला की जाईल.’

झालं! हवापालट! मी तत्काळ सिद्धान्त मांडला: माहेर! ओव्यांमधून बायकांनी माहेरचा वारा इतका गोड गायलाय, तो काय उगाच? निफाडकडे हिच्या भावाचं, नाथाचं, घर; चहूबाजूंनी द्राक्षबाग. ही एवढंच म्हणाली, ‘अहो, जानेवारी आहे.’ मी म्हटलं, ‘मग?’ ती नुसती हसली. या हसण्याचा अर्थ मला संसारात नेहमी उशिराच कळत आलाय.

पहिला दिवस काय वर्णावा! ही बांधावरून चालली, भाकरी मागून घेतली, खोकली नाही. मी मनातल्या मनात प्रबंध लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे दार उघडतो, तर नाथा अंगणात. कानाला मफलर, हातात काडेपेटी, चेहरा असा की देवळातून चप्पल गेलीय.

‘दाजी, थंडी लय उतरली. मणी तडकतील. पण आक्का हाय ना घरात... नाय पेटवत मी.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला! कडाक्याच्या थंडीत द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात, ऊब टिकावी म्हणून धूर वेलींखाली कोंडतात. साऱ्या शिवाराची रीत! आणि मी, रीतीभातींचा अभ्यासक, दम्याच्या बाईला नेमकं त्या बागेच्या मधोमध आणून बसवलं! एकीकडे हिचा श्वास, दुसरीकडे नाथाचं वर्षाचं पीक.

आतून आवाज आला, ‘नाथ्या, उभा काय राह्यलास? पेटव!’

‘आक्का, धाप लागंल तुला.’

‘मी पंप ओढीन. द्राक्षांनी काय ओढायचं?’

शेवटी मीच गाडी काढली. हिला शालीत गुंडाळली. नाथानं हिच्या मांडीवर द्राक्षांची पेटी ठेवली आणि हट्टानं सांगितलं, ‘तुम्ही डांबरीला लागल्याबिगर काडी ओढायचो नाय!’ डांबरीवर आलो, आरशात पाहिलं: बागेत एक ठिणगी, मग दुसरी, मग सगळीकडे. आणि आम्ही? स्वच्छ हवेच्या शोधात नाशिकला निघालेलो!

वाटेत विचारलं, ‘तुला ठाऊक होतं ना?’

‘होतं की.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही माझ्यासाठी इतक्या हौसेनं पिशवी भरत होता. आणि अहो... माहेर होतं ते. एक दिवस तर मिळाला.’

मी काच वर केली आणि गाडी हळू चालवली.

दुपारी नाथाचा फोन. ‘दाजी, बाग वाचली! आक्का कशी हाय?’

‘बरी आहे रे. थोडा खोकला आहे. वारा सुटला की जाईल.’

‘वारा?’ तो किंचाळलाच. ‘नका हो असं बोलू दाजी! थंडी हाय तवर वारा नको! समदा धूर उडून जाईल बागेतला!’

घ्या! तेव्हापासून आमच्या देवघरात काय चालतं, सांगू? मी हिच्यासाठी वारा मागतो. ही माझ्याच शेजारी बसून, खोकत खोकत, नाथासाठी वारा अडवते. आणि देव? तोही म्हणत असेल, या दोघांच्या मध्ये कोण पडणार... त्यानंही बहुधा खिडक्या लावून घेतल्यात!