बाजारातून आणलेल्या वरवंट्याबाबत खुलासा

नाव: सौ. सुनेत्रा जगन्नाथ वझलवार. वय: ६२ वर्षे. धंदा: घरगुती मसाले करणे, तीस वर्षे. राहणार: धरमपेठ, नागपूर. हल्ली मुक्काम: मुलगा सुशांत याच्याकडे, सनीव्हेल, कॅलिफोर्निया. दिनांक ८ जुलै २००६, दुपारी साडेतीन.

समक्ष ठाण्यात बसून विचारल्यावरून लिहून देते की, ड्यूटीवरील ऑफिसर आन्या ही इथेच जन्मलेली मराठी मुलगी आहे. तिला मराठी बोलता येते, लिहिता येत नाही, म्हणून जबाब मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे यजमान नागपूरला पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून, जबाब कसा लिहावा ते शेजारच्या खुर्चीतून सांगत आहेत. भाषा जड होईल तिथे ती त्यांची समजावी.

आज माझ्या नातीचे बारसे आहे. मुलगी, म्हणून बाराव्या दिवशी. दिवस मावळायच्या आत नाव ठेवायचे आहे. आमच्यात नाव ठेवण्याआधी वरवंट्याला झबले-टोपडे घालून बाळासारखे नटवतात आणि पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीच्या हाती द्यायचे असते. साडेबाराच्या सुमारास तो माझी मुलगी आश्लेषा, राहणार फ्रीमाँट, हिच्या हातून निसटला व धप्पकन जमिनीवर पडला. आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. समोरच्या इमारतीतल्या बाईंना खिडकीतून एवढेच दिसले की बाळ पडले आणि आजी हसते आहे. त्यांनी पोलिसांना फोन केला. त्यांच्या जागी मी असते तर मीही केला असता.

दोन ऑफिसर आले, त्यांतली एक आन्या. बाळ पाळण्यात झोपलेले त्यांनी पाहिले. तिथेच मिटले असते, पण दुसऱ्या ऑफिसरांना फ्रिजवरचा फोटो दिसला. त्यात मी जमिनीवर बसले आहे, पुढ्यात जुना पाटा-वरवंटा आणि मागे माया लोकांचे दगडी देऊळ. वरवंटा तिथूनच उचलून आणला असा संशय येऊन तो ठाण्यात जमा झाला. वरवंट्याशिवाय बारसे होत नाही, म्हणून त्याच्या मागोमाग बाळासकट आम्ही सगळे आलो. सूनबाई रडवेली झाली आहे, आणि मलाही आतून धाकधूक आहे, ते लपवत नाही.

फोटोची हकीकत अशी. मार्चमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या सहलीबरोबर आम्ही दोघे मेक्सिकोत मेरिडाला गेलो होतो. पंधरा तारखेला सकाळी सातला बस निघाली. वाटाड्या फेलिपे, हा स्वतः माया. साडेआठला त्या पडक्या शहरात पोहोचलो. ऊन आपल्या नागपूरचेच. देऊळ पाहून मी आ वासला तो मिटेचना. यजमानांनी फेलिपेची उलटतपासणी सुरू केली, की इथले लोक गेले कधी, का गेले, जाताना कोणी पाहिले. तो हसून म्हणाला, "वुई डिड नॉट गो, सर. आय ॲम हिअर." यजमानांनी उलटतपासणी तिथेच आवरती घेतली, हे मी लग्नानंतर प्रथमच पाहिले. सहलीचे पैसे तिथेच वसूल झाले.

मला देवळापेक्षा एका घराचा चौथरा आवडला. तिथे पाटा-वरवंटा होता, पाटा वाटून वाटून मधोमध खोलगट झालेला. हात लावायला मनाई होती. मी लावला नाही. समोर बसून हवेतच वाटून दाखवले. हळकुंडाला हात वेगळा, मिरचीला वेगळा. फेलिपे रागावेल वाटले, तर तो टोपी काढून उकिडवा बसला. म्हणाला, "माय ग्रँडमदर. सेम, सेम." फोटो त्यानेच काढला. सहलीतले हेमचंद्र भाऊजी म्हणाले, "वहिनी, न्या उचलून, मी बघत नाही." हे थट्टेत होते, याची नोंद व्हावी.

पुढे एका मोठ्या दुकानात जायचे ठरले होते. फेलिपेने बस आपल्या गावच्या बाजाराकडे वळवली. दुपारी दोन वाजता तिथे उतरलो. चिंचा, जांभळी कणसे, मिरच्यांचे ढीग. ठसक्याने अख्खी सहल शिंकू लागली आणि माझा जीव घरी आल्यासारखा सुखावला. एक म्हातारी पाटे-वरवंटे मांडून बसली होती, नवरा शेजारी छिन्नीने दगडाला टाकी लावत होता. मी एक वरवंटा उचलला, नखाने वाजवला, जीभ लावून पाहिला. यजमान ओळख नसल्यासारखे पुढे गेले. म्हातारीने तो माझ्या हातून काढून घेतला, मागून दुसरा आणला आणि मूठभर भिजवलेला मका पुढे केला. मी वाटला. तिने पीठ चिमटीत चोळून पाहिले, मान डोलावली आणि माझा दंड चाचपला. मीही तिचा चाचपला. भाषेचा एक शब्द सारखा नव्हता, पण पाऊण तास आम्ही बोलत होतो.

शेवटी सूनबाईला दिवस गेले आहेत, हे मी खुणेने सांगितले. म्हातारीने वरवंटा आपल्या शालीत गुंडाळला, जोजवला आणि मगच माझ्या हाती दिला. त्यांच्यात असे करतात की तिला सहज सुचले, मला ठाऊक नाही. मी तो बसमध्ये मांडीवरच ठेवला.

सदर वरवंटा नवा असल्याचा पुरावा त्याच्या अंगावरच आहे. टाकीचे घाव ताजे असून बोटाला बोचतात. फोटोतला गुळगुळीत आहे. ऑफिसर आन्याने बोट फिरवून ताडून पाहिले. म्हणाली, "आजी, हा तर टोटली रफ आहे. सँडपेपरसारखा." दुसऱ्या ऑफिसरांनीही बोट फिरवले, सॉरी म्हणाले आणि वरवंटा परत दिला.

सव्वाचारला आन्याने बाळाचे नाव विचारले, फॉर्म बंद करायला लागते म्हणून. मी सांगितले, नाव आधी आत्या कानात सांगेल, मग कागदावर. ती म्हणाली, "मग इथेच करा ना. आय कॅन वेट." कारमधली बाळाची खुर्ची पाळणा म्हणून टेबलावर ठेवली. पलीकडे वरवंटा घ्यायला एक बाई कमी पडत होती.

"आजी, मला येत नाही हे."

"दोन्ही हातांनी धर. पडला तर तुझ्याच पायावर."

तिने टोपी काढून ठेवली आणि वरवंटा अगदी जपून घेतला. आश्लेषा कानाशी वाकली. त्या वेळी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, तेही मी आन्याला समजावले.

बाळाचे नाव: लतिका सुशांत वझलवार.

हा जबाब मी मोठ्याने वाचून दाखवला, मी सांगते तसाच तो आहे. ड्यूटीवरील ऑफिसरने आश्लेषाच्या पाठीत चांगला दणदणीत धपाटा घातला. त्याबद्दल आमची कोणाचीही तक्रार नाही.