न बघता दिलेला होकार

चेअरमन साहेब, एमडी साहेब, कन्हेरीहून आलेले मारुतीचे वडील आबा, वहिनी, आन् ह्या कामगार हॉलमदी दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सगळ्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायचं नव्हतं. युनियनच्या पोरांनी यादीत माझं नाव घातलं, मी दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा मीच जाऊन लिहिलं. का लिहिलं, ते बोलता बोलता कळंल तुमाला. तवर सांभाळून घ्या. गाडीवाल्यांना हाका मारून माझा गळा फाटलाय, माईकची सवय न्हाय.

मी भगवान गावडे. कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क. उसाची गाडी आली की वजन करायचं, पावती द्यायची, गाडी आत सोडायची. आन् आपण ज्याच्यासाठी जमलोय तो मारुती कोकरे, वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर विभागातला. वय बेचाळीस. गेल्या आठवड्यात कन्हेरीला, घराच्या कट्ट्यावर बसून सकाळचा चहा घेता घेता गेला. डॉक्टर म्हणले, हृदय. कप हातातच व्हता म्हणं.

माझ्या आधी चार जण बोलले. लई चांगलं बोलले. मारुती मनमिळाऊ व्हता, सगळ्यांत मिसळायचा. मंडळी, माफ करा, पण हे कुठल्या मारुतीबद्दल बोलत व्हते? आपला मारुती मिसळायचा न्हाय. मिसळणार कुणात? कँटीनमदी शेतकीची माणसं ऊसतोडीचं बोलायची, बॉयलरची माणसं वाफेचं बोलायची. मारुतीनं काय बोलायचं? युनिक्सचं, म्हंजे त्याचं कॉम्प्युटर ज्याच्यावर चालायचं त्याचं? एकदा बोलला व्हता. आमी सगळे हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो. त्यानंतर तो चहा वर मागवून घ्यायला लागला.

कुणी गेलाय का कधी त्याच्या खोलीत? चपला बाहेर काढायच्या. दार लावून घ्यायचं. आत गारठा. आख्ख्या कारखान्यात मळीचा वास, घरघर, आरडाओरडा, आन् ह्या एका खोलीत काय न्हाय. एक मोठं मशीन, एक खुर्ची, आन् एक मारुती. असा सात वर्षं बसला तो.

तो काय करायचा, ते सांगतो. ते कळल्याबिगर माझं पुढचं बोलणं कळणार न्हाय, आन् मला ते पुढचंच बोलायचंय.

युनिक्सचं मशीन वर, त्याच्यापाशी. प्रिंटर मात्र चार ठिकाणी. एक माझ्याकडं काट्यावर, एक शेतकी ऑफिसात, एक स्टोअरला, एक टाइम ऑफिसला. सगळे एका काळ्या वायरीनं जोडलेले. परतेक प्रिंटरच्या मागं एक डबी, आन् परतेक डबीचा आपला एक आकडा, घराला नंबर असतो तसा. मारुतीनं मशीनमदल्या एका फायलीत लिहायचं, ह्या नावाचा प्रिंटर ह्या आकड्यावर राहतो. मग त्या नावाची कागदांची रांग उघडायची. मग प्रिंटर चालू करायचा. ही दोन येगळी कामं हायत, बरं का. त्यानं मला समजावलं व्हतं. रांग उघडली आन् प्रिंटर चालू केला न्हाय, तर कागद आत जात राहतात, बाहेर येत न्हाईत. प्रिंटर चालू हाय आन् रांग बंद, तर आत घेतच न्हाय. दोन्ही झालं तरच पावती निघते.

पुण्याहून मशीनवाल्या कंपनीची माणसं आली व्हती, त्यांनी प्रिंटरला नावं दिलेली, एक, दोन, तीन, चार. मारुतीनं ती बदलली. काटा, शेती, स्टोअर, हजेरी. मी इचारलं, कशाला रे उठाठेव? तर म्हणला, "भगवानराव, आमच्या आबांनी कळप राखला, पण एका बी मेंढराला नंबरानं हाक मारली न्हाय. नंबर इसरतो माणूस." आबा, तुमी हसताय. बरं वाटलं.

पण मंडळी, सगळं नीट लिहिलं तरी एक गोष्ट मारुतीला कधीच दिसायची न्हाय. कागद. मशीन सांगायचं, धाडला. धाडला म्हंजे पोचला का? कुठं पोचला? सरळ उमटला का, का शाई संपलीय? ते त्याला वर बसून कळायचं न्हाय. त्याचं काम कायम दुसऱ्याच्या खोलीत पुरं व्हायचं. विचार करा. आपण भाकरी केली तर भाकरी बघतो. गवंडी भिंत बघतो. ह्यानं आयुष्यभर कागद काढला, आन् निघालेला कागद बघायला तो तितं नसायचा.

म्हणून तो फोन करायचा. रोज सकाळी सातला, पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी, एक ओळ धाडायचा आन् आतल्या फोनवरनं इचारायचा, "भगवानराव, आलं का?" मी बघायचो. म्हणायचो, "आलं." एवढंच.

त्या मशीनला मराठी अक्षरं यायची न्हाईत. मग इंग्रजी अक्षरात मराठी लिहायचा. चाचणीपुरतं काय बी लिहिलं तरी चाललं असतं. ह्यानं लिहायचं, राम राम भगवानराव, आज धुकं लई हाय, खिडकीतनं तुमचा काटा दिसत न्हाय. कधी, पोरगी पाढे पाठ म्हणते आता. कधी, काल आबांना घेऊन बारामतीला गेलो व्हतो, डोळे दाखवाया. रोज एक ओळ. आख्ख्या कारखान्यात त्याचं जे काय बोलणं व्हतं, ते ह्या एका ओळीत व्हतं, आन् ते माझ्याशी व्हतं. आन् मी काय केलं त्या कागदांचं? एक बी ठेवला न्हाय. त्याच्यावर भेळ खाल्ली.

आता सांगतो.

दोन हंगामांमागं, आठवत असंल तुमाला, साफसफाईसाठी एक दिवस गाळप बंद व्हतं. काट्यावर गाडी न्हाय, माणूस न्हाय. त्या दिवशी माझ्या प्रिंटरची डबी जळाली. मारुती आला, नवी डबी बसवून गेला, वर जाऊन फायलीत नवा आकडा लिहिला. दुपारची वेळ. मी खुर्चीत पाय वर घेऊन ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेलो. क्रिकेट चालू व्हतं. फोन वाजला. "भगवानराव, आलं का?"

प्रिंटर माझ्या पाठीमागं व्हता. चार हात लांब. मान वळवायची व्हती फक्त.

मी म्हणलो, "आलं."

तो म्हणला, "नीट बघितलंत न्हवं? उद्या सकाळी मी न्हाय. आबांचं ऑपरेशन हाय."

मी म्हणलो, "आलं रे बाबा. जा तू."

आलं नव्हतं. लिहिताना त्याचा एक आकडा चुकला व्हता, आन् तो आकडा स्टोअरच्या डबीचा निघाला. माझा कागद स्टोअरच्या कुलूपबंद खोलीत उमटून पडला व्हता. आकडा कुणाचा बी चुकतो. चुकतो म्हणूनच तर तो फोन करायचा!

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते सगळ्यांना म्हायती हाय. पहाटेपासनं गाड्या लागलेल्या. पहिली बैलगाडी काट्यावर घेतली, वजन केलं, बटण दाबलं, पावती न्हाय. परत दाबलं, न्हाय. हातानं पावती लिहायची न्हाय असा आपल्याकडं नियम, त्यामुळं गाडी सोडता येईना. वर फोन केला, कोण उचलणार? रांग पार रस्त्यापर्यंत गेली. बैलं जू मानेवर घेऊन उन्हात उभी. गाडीवाले शिव्या द्यायला लागले, मला न्हाय, कॉम्प्युटरला. गव्हाणीत ऊस संपला, गाळप थांबलं. सुट्टीला घरी गेलेला स्टोअरकीपर इंदापूरहून आला, कुलूप काढलं, तर फरशीवर उसाच्या पावत्यांचा ढीग. तरी ते नीट कसं करायचं हे कुणाला येत व्हतं?

मारुती दुपारी एसटीनं आला. आबांना दवाखान्यात सोडून. पाच मिनिटांत पावती सुरू केली. पाच मिनिटांत.

मग चौकशी. तवाचे साहेब आता हितं न्हाईत, त्यांचं नाव घेत न्हाय. खोलीत साहेब, मारुती आन् मी. साहेब म्हणले, "रजेवर जाण्याआधी चाचणी घेतली होती का?"

मारुतीनं माझ्याकडं बघितलं. मी काय केलं? मी माझ्या चपलेकडं बघितलं. माझ्या अंगठ्याचा पट्टा तुटलेला व्हता, तेवढं आठवतंय मला.

मारुती म्हणला, "न्हाय साहेब. चूक माझी हाय."

मेमो मिळाला. कामात हयगय, चाचणी न घेता रजेवर गेला. त्याला वरनं काढून हजेरीच्या टेबलावर बसवला. दोन महिन्यांनी परत वर नेला, कारण दुसऱ्या कुणाला ते मशीन जमंना. पण विभागप्रमुखाची जागा निघाली तवा फाईल उघडली, फायलीत मेमो, आन् जागा गेली दुसऱ्याला.

आन् फोन बंद झाला. त्यानं मला परत कधी फोन केला न्हाय. रोज सकाळी वरनं ओळ धाडायचा, मग जिना उतरायचा, सायकल काढायची, सगळं यार्ड पार करून काट्यावर यायचा. प्रिंटरपाशी जायचा, स्वतःच्या डोळ्यांनी कागद बघायचा, फाडून खिशात घालायचा, आन् जायचा. ओळ बी बदलली. नुसती तारीख. मी म्हणायचो, चहा घे मारुती. तो म्हणायचा, नको, आताच झाला. दोन हंगाम असंच. दोन हंगाम तो रोज माझ्या खोलीत आला, आन् आमी दोघं त्या खोलीत एकटे व्हतो.

एकदाच बोलला. जाता जाता दारात थांबला आन् म्हणला, "भगवानराव, मलाच कळाया पाहिजे व्हतं. तुमच्या फोनमदी मॅचचा आवाज येत व्हता."

त्याला म्हायती व्हतं, मंडळी. साहेबांपुढं उभा व्हता तवा बी म्हायती व्हतं. मी त्या वेळी जरी म्हणलो असतो, मारुती, चुकलो, तरी चाललं असतं. मी म्हणलो, "पडदा लाव रे, ऊन येतंय." काय माणूस हाय बघा मी.

मेमोनं माणूस मरत न्हाय. मी तसं म्हणत न्हाय. पण असा एकटा पाडलेला माणूस किती दिवस जगला, ते तुमी बघितलंच. आन् आता रोज सातला मी त्या प्रिंटरकडं बघतो. मान वळवून बघतो. लई बारीक बघतो. आता बघून काय उपेग?

आबा, आता तुमच्याशी बोलतो. मातीच्या दिवशी मी कन्हेरीला आलो, तवा तुमी माझा हात धरलात. म्हणलात, "भगवानराव, तुमी त्याच्या कामावरचं. खरं सांगा. माझ्या डोळ्यापायी पोराची बढती गेली का? मी म्हणलं व्हतं त्याला, ऑपरेशन पुढं ढकलू. त्यानं ऐकलं न्हाय. माझ्यापायी काम टाकून आला का तो?"

मी म्हणलो, तसं काय न्हाय आबा. तुमी माझ्याकडं बघत राहिलात. सुनेनं चहा आणला. मी तो प्यालो आन् एसटीनं घरी आलो.

आबा, सगळ्या कारखान्यासमोर सांगतो. तुमचं पोरगं काम टाकून आलं नव्हतं. त्यानं डबी बसवली, आकडा लिहिला, कागद धाडला, फोन करून इचारलं, आन् मी होकार दिला म्हणून तो तुमच्याकडं आला. तो होकार खोटा व्हता. तुमच्या डोळ्याचा काय दोष न्हाय. दोन वर्षं तुमी सोताला बोल लावताय आन् मारुतीनं तुमाला बी माझं नाव सांगितलं न्हाय. घरात बी न्हाय. वहिनी, तुमाला बी न्हाय सांगितलं, तुमच्या चेहऱ्यावरनं दिसतंय.

एमडी साहेब, हे सगळं मी लिहून, खाली सही करून आणलंय. त्याच्या फायलीतला मेमो काढा आन् माझ्या फायलीत लावा. रिटायर व्हायला मला तीन वर्षं हायत म्हणून दया दाखवू नका. मारुतीच्या फायलीत आता कुणी बढतीसाठी बघणार न्हाय, मला ठाव हाय. पण त्याची पोरगी उद्या मोठी व्हईल, बापाच्या कामाचा कागद मागंल. तिला त्यात तो मेमो दिसू नये.

बस. एवढंच बोलायला नाव लिहिलं व्हतं.

मंडळी, आता उठा. दोन मिनिटं कुणी बोलू नका, कुणी माझ्याकडं बघू बी नका, मारुतीला आठवा. मनमिळाऊ म्हणून न्हाय, जसा व्हता तसा.

आबा, तुमी बसूनच राहा. तुमच्या शेजारची जागा मोकळी दिसतीय. तितं येऊन उभा राहू का मी? न्हाय म्हणलात तर हितंच राहतो.