चार रबरी बुचं

मी, ट्रकच्या शोरूमला जोडलेल्या वर्कशॉपचा मुख्य मेकॅनिक, कामावर सगळे उस्ताद म्हणतात तो, वय चौपन्न, धंदा नोकरी, शिक्षण सातवी आणि पुढचं सगळं गाडीखाली झोपून, राहणार वर्कशॉपमागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीला लागून, स्वतःच्या दोन खोल्या, आज दुपारी कोणी बोलावलेलं नसताना आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. आम्हाला मूल नाही. पत्नीचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, आईवडील गेल्यावर दप्तर घेऊन आमच्याकडे आला तो त्याचं लग्न होईपर्यंत आमच्याकडेच होता. तो ट्रक चालवतो. ट्रक त्याचा स्वतःचा, जुना, दहा चाकांचा. मला तो दाजी म्हणतो. गाडी चालवायला त्याला मी शिकवलं. हे यासाठी सांगतो की पुढे त्याचा संबंध येतो.

मी वर्कशॉपमध्ये फरशीवरचं ऑइल पुसायला लागलो आणि आज तिथे माझ्या हाताखाली चौदा माणसं आहेत. शोरूममध्ये काच आहे, थंड हवा आहे, गिऱ्हाइकाला बसायला सोफा आहे. मागे आमच्याकडे पत्रा आहे. गाडीला जोडायचा कॉम्प्युटरही आहे, तो चांगला आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण माझं काम कानाचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आतलं कोण रडतंय ते ओळखायचं. बेअरिंग वेगळं रडतं, व्हॉल्व्ह वेगळा. या कानावर मी घर बांधलं असं म्हटलं तरी चालेल.

आमच्याकडे अशी पद्धत आहे की कुठलीही गाडी बाहेर जाण्याआधी मी तिला कान लावतो. मी "जाऊ दे" म्हटलं की गेटवाला साखळी काढतो. त्यानंतर कोणी वाकून खाली बघत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पडत गेलेली सवय आहे. सर्व्हिस मॅनेजरसाहेबांनी एकदोनदा म्हटलं होतं की उस्ताद, शेवटची तपासणी दुसऱ्या माणसाकडूनही करून घेत जा. मी हसण्यावारी नेलं. ती सवय मला आवडत होती.

काल सकाळी मेहुण्याचा ट्रक दुसऱ्या गाडीने टोचन लावून, तिच्याच हवेची नळी जोडून, ओढत वर्कशॉपमध्ये आणला. गाडीत पुलाच्या कामाच्या सळया भरलेल्या होत्या. हवेचा कॉम्प्रेसर जाम झाला होता. ठाणे अंमलदार साहेबांनी विचारल्यावरून खुलासा करतो की, मोठ्या गाडीचा हँडब्रेक हवेने सुटतो आणि हवा नसेल तर लागतो. मागच्या चाकांजवळ चार लोखंडी डबे असतात, प्रत्येकात जाड स्प्रिंग. हवा गेली की स्प्रिंग पसरते आणि चाकं जखडून टाकते. म्हणून हवा नसलेली गाडी जागची हलत नाही. ती हलवायची तर गाडीखाली शिरून प्रत्येक डब्याचं रबरी बूच काढायचं, त्या भोकातून लांब बोल्ट घालून पान्याने स्प्रिंग मागे ओढून बांधून ठेवायची. काम झालं की बोल्ट सोडायचे, बुचं परत बसवायची. बोल्ट सोडले नाहीत तर गाडीला हँडब्रेक उरत नाही. पायाचा ब्रेक मात्र व्यवस्थित लागतो. त्यामुळे चालवणाऱ्याला काही कळत नाही.

ओढणारी गाडी निघून गेल्यावर ट्रक पत्र्याखाली घ्यायचा म्हणून हे चार बोल्ट काल माझ्या वर्कशॉपमधल्या दुसऱ्या मेकॅनिकने घातले. त्याला सगळे बारीक म्हणतात. तो अंगाने आडवा आहे. गाडीखालून तो ओरडला, "उस्ताद, मेहुण्याला सांगा, पुढच्या वेळी जरा उंच गाडी घे. माझं पोट अडकतंय." मेहुणा म्हणाला, "पोट तुझं आणि गाडी मी बदलू होय?" असं सगळं हसतखेळत चाललं होतं. मीही त्यात होतो.

कॉम्प्रेसर मी स्वतः बदलला. एरवी गाडी एका माणसाच्या नावावर असते, त्यानेच उघडायची, त्यानेच मिटायची. ही घरची गाडी म्हणून ती तशी कोणाच्या नावावर लावली नाही. बारीकला वाटलं, उस्तादांचा मेहुणा आहे, शेवटचा हात उस्तादच फिरवतील. मला वाटलं, बोल्ट बारीकने घातले, तोच सोडणार, कधी चुकला नाही. आज सकाळी त्याला बाहेरगावी अडकलेल्या एका गाडीवर पाठवलं. पाठवणारा मीच.

आज सकाळी इंजिन चालू केलं, हवा भरली, काटा वर आला. मेहुणा केबिनमध्ये बसला होता. मी म्हटलं, "हँडब्रेक ओढ." त्याने ओढला. फुस्स असा आवाज आला. लांब, एकसारखा, शेवटी तुटल्यासारखा थांबला. अगदी जसा यायला पाहिजे तसा. मी डोळे मिटून ऐकला. साहेब, या ठिकाणी मला स्पष्ट सांगायचं आहे की बोल्ट बांधलेले असले तरी हवा सुटते ती तशीच सुटते. आवाजात काडीचा फरक पडत नाही. हे मला माहीत आहे. आज सकाळीही माहीत होतं. आमचं आवार सपाट आहे, त्यामुळे गाडी जागेवरच उभी राहिली.

मेहुणा वरून म्हणाला, "काय दाजी, पास का नापास?"

मी म्हटलं, "जाऊ दे."

"तुमच्या कानाला सोन्याची बाळी करतो बघा, पुलाचं काम संपू दे."

"आधी टायर बदल," मी म्हटलं. "आणि हळू जा. तुझी ताई मला घरात घेणार नाही."

"तुम्ही असताना ताई मला तरी कुठे घेते?" असं म्हणून तो हसला. गेटवाल्याने साखळी काढली. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो नाही, दुसऱ्या गाडीकडे वळलो. त्याच्या अंगात निळा शर्ट आहे, हे विचारल्यावरून सांगतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बारीक परत आला. हात धुऊन त्याने रुमालासाठी पँटच्या खिशात हात घातला, तर रुमालाबरोबर काळी रबरी बुचं बाहेर पडली. एक बूच घरंगळत माझ्या बुटापाशी आलं. मी ते उचललं. बारीक म्हणाला, "अरे, ही राहिलीच की." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "उस्ताद, बोल्ट तुम्ही सोडलेत ना?"

मी म्हटलं, "तू नाही सोडलेस?"

तो शेजारच्या टायरवर बसला. मग पत्र्याखाली सगळे एकदम बोलायला लागले, पण कोण काय म्हणालं ते मला सांगता येणार नाही. तेवढ्यापुरतं मला ऐकू आलं नाही.

मी मेहुण्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना तो फोन घेत नाही, डब्याच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवतो. पूर्वी घ्यायचा. एकदा मी शेजारी बसलो असताना वळणावर त्याने फोन घेतला म्हणून मी त्याच्या कानाखाली मारली होती. तेव्हापासून घेत नाही. बारीक त्याच्या मोटारसायकलवरून मागे गेला आहे. पुलाच्या कामाचा रस्ता लांबचा आहे, शेवटी घाट उतरतो, भरल्या गाडीला तिथे पोचायला दुपार होते; बारीक अजून घाटापर्यंत पोचला नसावा.

मी ठाण्यावर येत असताना पत्नीचा फोन आला. तिने विचारलं, भाऊ जेवून निघाला का? मी हो म्हटलं. याबाबत तिला अद्याप काही सांगितलेलं नाही.

ठाणे अंमलदार साहेबांनी माझं अर्धंच ऐकून ताबडतोब वायरलेसवरून सर्व नाक्यांना निरोप दिला की या नंबरचा ट्रक दिसेल तिथे थांबवावा. त्यांनी वेळ घालवला नाही, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निरोप गेल्यावर मला बरं वाटलं. पाणी पिता पिता मी विचारलं, या रस्त्यावर नाका नेमका कुठे आहे? ते म्हणाले, घाट उतरताना, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे. मी तो नाका पाहिलेला आहे. तिथे पूर्ण उतार आहे. नाक्याच्या खाली पाण्याचा नळ आहे, दोन टपऱ्या आहेत आणि तपासणीसाठी लहान गाड्या ओळीने उभ्या असतात.

तेव्हा मी साहेबांना सांगितलं की गाडी थांबवू नका. साहेब म्हणाले, "अहो, थांबवा म्हणून तर तुम्ही आलात."

मी सांगितलं की गाडी पळत असेपर्यंत तिला काही होत नाही. पायाचा ब्रेक चांगला आहे, त्याचा पायही चांगला आहे. धोका उभी राहण्यात आहे. तो कुठेही न थांबता घाट उतरून पुलाच्या कामावर गेला असता तर तिथली जमीन सपाट आहे. गाडी उभी करून, सळया उतरवून, जेवला असता. म्हणजे मी इथे आलो नसतो तर. हे मी बोललो तेव्हा लेखनिक लिहायचे थांबले होते. साहेबांनी त्यांना लिहा म्हणून सांगितलं.

पुढे विचारल्यावरून सांगतो की, उतारावर गाडी उभी करताना ती गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करायचं, हे त्याला मी शिकवलेलं आहे. तो तसंच करतो. त्यामुळे पाय काढल्याबरोबर गाडी सुटणार नाही, इंजिन तिला धरून ठेवेल. परंतु इंजिन जुनं आहे, दम गेलेला आहे. सळयांचं वजन घेऊन ते अर्धा कप चहा पिऊन होईपर्यंत धरेल. मग एक हिसका बसेल, थोडं थांबेल, आणि दुसरा. तोपर्यंत माणूस खाली उतरलेला असतो. नाक्यावर कागद दाखवायला जाताना गाडीच्या मागून जायचं नाही, मागच्यांना आपण दिसत नाही, नेहमी पुढून जायचं, हेही त्याला मीच शिकवलेलं आहे.

साहेबांनी लगेच दुसरा निरोप दिला की गाडी दिसल्यास थांबवू नये, जाऊ द्यावी, आणि थांबवली असल्यास चालकाला खाली उतरू देऊ नये, पाय ब्रेकवरच ठेवायला सांगावं, चाकांखाली मोठे दगड लावावेत. हा निरोप त्यांनी तीन वेळा दिला. घाटात आवाज नीट पोचत नाही असं ते म्हणाले. पलीकडून खरखर येत होती. साहेब म्हणाले, तोवर जबाब पुरा करून टाकू. म्हणून मी हे सर्व सांगत आहे. बुचं मी टेबलावर ठेवली आहेत, ती चार आहेत.

मजकूर इथपर्यंत आला असताना नाक्यावरून उत्तर आलं. तिथल्या हवालदारांचा आवाज होता. ते म्हणाले, "तो ट्रक मिळाला, साहेब. थांबवलाय. आत्ताच." ते गाडीजवळच उभे असावेत, कारण त्यांच्या आवाजाच्या मागे मला इंजिन ऐकू आलं. ते याच गाडीचं इंजिन होतं. दुसरा निरोपही पोचला असं समजून साहेब खूश होऊन मला म्हणाले, "झालं तुमचं काम." मी त्यांना हाताने गप्प राहायला सांगितलं, त्याबद्दल माफी मागतो.

मागे मला फुस्स असा आवाज आला. लांब, एकसारखा, शेवटी तुटल्यासारखा. नंतर इंजिन बंद झालं. नंतर केबिनचं दार उघडून लागलं.

साहेब सेटवर ओरडून दगड लावा, दगड लावा, त्याला पुढून बाजूला घ्या, असं सांगत होते. मीही उठून ओरडलो. पलीकडचे हवालदार म्हणाले, "पुन्हा सांगा, ऐकू येत नाही." त्यानंतर ते कोणाशी तरी बोलले, "कागद घेऊन ये इकडे." त्यावर कोणीतरी "आलो, आलो" म्हणालं. तो आवाज मी ओळखतो. मग पलीकडचं बटण सुटलं.

त्यानंतर नाक्यावरून काही आलेलं नाही. साहेब हाका मारत आहेत. माझा फोन दोनदा वाजला, पत्नीचा आहे, मी घेतलेला नाही.

वरील जबाब लेखनिकांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी शेवटपर्यंत ऐकला. मी सांगितलं तसाच लिहिलेला आहे. माझ्या ऐकण्यात चूक झालेली नाही.