पोट्टी आंतरराष्ट्रीय संबंध करून राह्यली

नाही जी नत्थूजी, तसा संबंध नाही — अजी, तुमी आधी खाटेवर टेका तं खरं, असे दारात उभे राहून बोलू नका, शेजारच्या खिडक्या उघड्या हायेत — हे पाहा, ते शिक्षन हाये, शिक्षन. एमए. कोनी इतिहासात एमए करते, कोनी हिंदीत करते, तशी आमची प्राजक्ता ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ ह्या विषयात करनार हाये, म्हनजे ह्या देशाचं त्या देशासंग कसं हाये, कोन कोनाशी बोलते, कोन कोनावर रुसला, ते सगळं शिकायचं. आता विषयाचं नावच तसं तं आमी काय करावं? आमी ठेवलं का नाव? चूक म्हनसान तं प्राजूच्या बाबाची. तिचं नाव यादीत लागलं, अन् ह्या मानसाच्या पोटात काही राहीन तं शपथ! नगरपालिकेच्या पानी टाकीवर ड्युटी, तठी कोनीतरी विचारलं, प्रकाशभाऊ, पोरगी काय करते आजकाल? तं ह्याईनं छाती फुगवून सांगितलं — पोट्टी आंतरराष्ट्रीय संबंध करून राह्यली! झालं. आता आपन असंच बोलतो का नाही? बीएड करून राह्यली, आयटीआय करून राह्यला, तसंच म्हटलं ना त्या मानसानं. पन मधी तो शब्द आला. अन् आपल्याकडे संबंध कोनी शिकते का? आपल्याकडे संबंध करते, नाही तं मोडते.

टाकीवरून ते वाक्य बाजारात गेलं, बाजारातून सौसरच्या बसमधी बसलं, सौसर येईपर्यंत त्यातला मानूस परदेशी झाला, अन् मोहगावले तुमच्या ओसरीवर पोचला तवा तं म्हने गोरा होता, घाऱ्या डोयाचा होता, अन् आमची पोट्टी त्याच्यासंग दिल्लीत राहाले चालली होती! खरं सांगा, असंच ऐकलं ना तुमी? हसू नका. मले नाही हसू येत. कालपासून तिसरी बाई येऊन गेली माह्या घरी — इंदूबाई, फोटो तं दाखव जवायाचा. मी म्हटलं फोटो कुठून आनू, बाप्पा, जवाई तं मोहगावचा हाये, तुमाले मालूम हाये, सुमेध, बोरगावच्या कंपनीत हाये! तं अशी पाह्यते माह्याकडे, जसं काही मी एका पोरीसाठी दोन करून ठेवले.

तं मी तुमाले हेच सांगतो, तुमी सुमेधचे मामा, पोराकडून तुमीच बोलनारे, तुमी जाऊन समजावून सांगा — की अर्धवट ऐकून काही मनात आनू नका, जुळलेलं मोडू नका. चहा ठेवू का? नाही? बरं.

काय म्हनता? शिकाले एवढं दिल्ली कायले पायजे? पुस्तक अन् पेन पायजे, बरोबर, मले बी तसंच वाटे. आता मले विचारा काय काय पायजे. वर्षभर घरात दुसरं काही ऐकलं नाही मी. ग्रॅज्युएशन पायजे — ते कोनत्याही विषयाचं चालते, तेवढं एक बरं, कारन आमचीनं तं बीएस्सी केलं, वनस्पतीशास्त्र. मी म्हटलं, बाई, झाडापानातून एकदम रशिया-अमेरिकेत? तं म्हने चालते आई. मंग दिल्लीवाल्याईची परीक्षा. पैल्या खेपेले नाही निघाली. मंग वर्षभर घरी काहून बसली त्याचं शपथपत्र, जसं घरी बसनं म्हनजे गुन्हा हाये. मंग इंग्रजी — आपन घरी असं बोलतो, शाळेत मराठी, कॉलेजात हिंदी, अन् पेपर इंग्रजीत, आता त्या पोट्टीनं किती तोंडं करावी? मंग दोन मास्तराईच्या चिठ्ठ्या, की ही पोरगी चांगली हाये. अन् कोनताही मास्तर नाही चालत, शिकवलेलाच पायजे. त्यातल्या एकाची बदली झालेली, दुसऱ्याच्या घरी तिच्या बाबानं किती चकरा मारल्या, ते म्हनत देतो, देतो, अन् आंघोळीले जात. जवा जावं तवा आंघोळ! अन् हे सगळं झाल्यावर म्हनते, लिहून द्या — तुमाले हाच विषय काहून शिकायचा हाये?

आता सांगा! आपल्यात कोनी पोरीले कधी असं विचारलं? तुले हाच नवरा काहून करायचा हाये, सांग बाई, लिहून दे? तुमी पाहाले आले तवा तुमीच विचारलं ना, उंची किती, चष्मा कवापासून लागला, अन् बारावीले किती होते. बस. त्याच्यावर पसंत. मी वाईट नाही म्हनत, रीत हाये. पन तिनं ते एक पान लिहाले आठ दिवस घेतले, नत्थूजी. लिहे अन् फाडे. अन् शेवटी कशावर लिहिलं मालूम हाये? आपल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीवर. मी डोक्याले हात लावला. म्हटलं, अवं, दुनिया हसते आपल्याले, नदीच्या ह्या काठावरचे त्या काठावरच्याईले दगड मारते म्हनून, अन् तू ते दिल्लीले लिहून पाठवतं? तं म्हने, आई, तेच तं.

मंग मोबाइलवर मुलाखत घेतली त्याईनं. पाच जन समोर. मी पडद्याबाहेर उभी, कुकर बंद करून, मधीच शिटी वाजली तं पोट्टी घाबरंल म्हनून. तं त्यातली एक मॅडम हसून विचारते, मंग तुमच्या ह्या दोन गावात तह कोन करते? मी पडद्याले कान लावला, आता काय बोलते ही. तं प्राजू म्हने — मॅडम, जिचं माहेर एका काठावर अन् सासर दुसऱ्या काठावर हाये, ते बाई करते. — माह्यं माहेर सावरगावचं, त्या काठाचं, नत्थूजी. ह्या काठाले, पांढुर्ण्यात देली मले. दर साली त्या दिवशी माह्या भावाचं डोकं फुटलं का माह्या दिराचं, एवढंच मी पाह्यत बसतो, अन् सांजच्याले दोघाईच्याही घरी हळद-तेल घेऊन जातो. मले नव्हतं मालूम की त्याचं असं शिक्षन असते.

नागपूर? हो, सगळे हेच म्हनते, नागपूर काय दूर हाये, सकाळी गेलं सांजच्याले वापस. पन आपला जातीचा दाखला एमपीचा, तिकडे म्हनते तुमी बाहेरचे. भोपाळकडे गेलं तं आपली बोली ऐकून विचारते, महाराष्ट्रातून आले का? म्हनजे इकडचे म्हनते तिकडचे, तिकडचे म्हनते इकडचे. दिल्लीवाले निदान दाखला पाह्यून गुमान खुर्ची तं देते.

बरं, ते जाऊ द्या, मुद्द्याचं बोलू. दिल्लीले कॉलेजात हजर व्हायची तारीख अन् आपल्या साक्षगंधाची तारीख एकच निघाली, हे खरं हाये. सगळे ओरिजिनल कागद घेऊन तिलेच जावं लागते, बाप गेला तरी चालत नाही, मी फोन करून विचारलं. म्हनून म्हटलं साक्षगंध तुमी पुढच्या रविवारी करा. अंगठीच घालायची हाये, रविवारी घातली तं काय ढिली होते का? तं तुमी म्हनता हॉल बुक हाये. हॉल! — काय? काय म्हटलं? पुन्यांदा सांगा.

दिल्ली सोडा म्हनता. दिल्ली सोडली तं त्या गोऱ्या मानसाची गोष्ट तुमी पोटात घालसान, कोनाले बोलनार नाही, पोरगी पदरात घेसान.

अजी नत्थूजी, जो मानूस जन्मालेच नाही आला, त्याच्यासाठी तुमी आमाले माफ कराले आले का? मी इतका येळ काय सांगून राह्यली? विषय हाये म्हटलं ना, विषय! तुमाले समजलं. डोकं हलवत होते तुमी. समजूनही — म्हनजे मोहगावचे लोक काय म्हनते तेच खरं, अन् मी माय म्हनून सांगतो ते खोटं? नाही, नाही, बसा. मी चिडून नाही राह्यली. मले फक्त हे सांगा, सुमेध काय म्हनते? तुमी नाही, तुमची बहीन नाही. पोरगा. त्याच्यापाशी तिचा नंबर हाये, गुड मॉर्निंगचे फुलं पाठवते तो रोज, मी पाह्यतो ना. ही गोष्ट कानावर गेली तं एक फोन लावून विचारलं का त्यानं, प्राजक्ता, हे काय ऐकून राह्यलो मी? नाही विचारलं. कालचे फुलं नाही आले फक्त. फुलं बंद केले अन् मामाले बसमधी बसवून देलं.

अन् तिनं तं तुमच्या पोराले हो कवा म्हटलं, ते तरी मालूम हाये का? पैली यादी लागली, तिच्यात नाव नव्हतं. मोरीत जाऊन नळ सोडून बसली, मले वाटलं कपडे धुते. बादली वाहून अंगनात पानी आलं तरी नळ चालू. बाहेर आली, डोये असे लाल, अन् म्हने — आई, मोहगाववाल्याईले हो सांगून दे. मी म्हटलं, नीट इचार कर. तं म्हने, आता काय इचार कराचा, सांगून दे. अन् मी लगेच फोन लावला तुमाले, तिचं मन पलटाच्या आधी. दुसरी यादी त्याच्यानंतर —

हे मी तुमाले नाही सांगाले पायजे होतं. पन गेलं आता तोंडातून. असंच हाये नत्थूजी, वाईट वाटून घेऊ नका, नाही तं घ्या. तिचा होकार तुमच्या पोरासाठी नव्हता. पानी डोक्यावरून गेलं म्हनून हात वर केला होता तिनं, अन् हाताले लागला तो हात तुमच्या घरचा निघाला.

हे शिकून काय होनार म्हनता? मले नाही मालूम. खरंच नाही मालूम, मी आठवी पास. म्हने कुठं मोठ्या हपिसात बसते हे लोक, नाही तं शिकवते, नाही तं काहीच नाही होत, घरी येते. होऊ शकते काहीच नाही होनार. पन तुमच्या ओसरीवर बी तोच फोटो हाये ना, जो माह्या ह्या भिंतीवर हाये? समुद्र ओलांडून शिकाले गेले तवा त्याईनं कोनाच्या मामाले विचारलं होतं का, की शिकून काय होनार? दर चौदा एप्रिलले हार घालता तुमी, भाषन करता, मी ऐकलं तुमचं भाषन. पोरी शिकवा म्हने. मंग ते कोनाच्या पोरी होत्या?

नाही, मीच कोन तुमाले बोलनारी. काल दुपारी मेथी निवडून राह्यलो होतो दोघी. प्राजू मले म्हने, आई, तू नको म्हन, मी नाही जात. तेवढंच म्हटलं. माह्याकडे पाह्यत बी नव्हती. अन् मी काय म्हटलं? काहीच नाही. अख्खी जुडी निवडून झाली, दांड्या बी टाकून आली, पन तोंड नाही उघडलं. कायले सांगू? तुमच्या भेवानं. तुमच्या, तुमच्या बहिनीच्या, त्या तीन बायाईच्या. त्या पोट्टीनं पाच मोठ्या लोकाईसमोर माह्यं नाव घेतलं, तह करनारी बाई म्हनून, अन् मी तिच्यासमोर एक शब्द नाही काढू शकली. लाज वाटते मले. सकाळपासून मी तिच्या तोंडाकडे नाही पाह्यलं.

प्राजू तिथं हाये, आतल्या खोलीत. खोलीले दार कुठं हाये आमच्या, पडदा हाये, सगळं ऐकलं असंल तिनं. ऐकू द्या.

प्राजू! — अवं प्राजू, ऐकू येते का? — टिकट काढ. — दिल्लीचं, नाही तं कुठचं! — अवं, तत्काळमधी भेटते का ते पाह्य, नाही तं जनरलनं जाऊ. — जाऊ म्हनजे जाऊ, माह्यं बी काढ, मी रेल्वेनं बाजूच्या तिगावच्या पुढं कधी गेली नाही, पन तुले सोडाले येतो. — बाबाले मी सांगतो, थे सगळ्या गावाले सांगतीन. — रडून कायले राह्यली व? काढ म्हटलं ना!

उठा, नत्थूजी. नाही, काही नाही, राग नाही. तुमी बसले ना, त्या खाटेखाली तिची बॅग हाये. काढू द्या मले.